बंद पडलेला मीटर आणि फोनजवळची वही : एका छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटचे प्रकरण

शिलाई यंत्रांची दुरुस्ती करणारा आणि त्यांचे सुटे भाग पुरवणारा हा एक छोटा व्यवसाय आहे. मालक, दोन कारागीर आणि फोन, पार्सल, हिशेब असे सगळे सांभाळणाऱ्या एक सहकारी बाई, एवढाच कारभार. वेबसाइट काही वर्षांपूर्वी करून घेतलेली, सात पानांची. वेबसाइट सुधारणे आणि त्यांचा प्रचार करणे हा माझा धंदा. मालकांनी मला बोलावले ते वेबसाइट सुधारण्यासाठी नव्हे, तर तिचा प्रचार करण्यासाठी. होस्टिंगचा (साइट ठेवण्याच्या जागेचा) आणि डोमेनचा (साइटच्या पत्त्याचा) खर्च दर वर्षी होतो, पण साइटवरून एकही गिऱ्हाईक येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय एका प्रचारसंस्थेने तीन महिन्यांत गूगलवर पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी दिली होती आणि त्यासाठी बाहेरच्या साइटवरून हजार दुवे (लिंक) देण्याचे पॅकेज पुढे केले होते. ते घ्यावे की न घ्यावे, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड नव्हते. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. क्रमांक वाढवण्यासाठी दुवे विकत घेणे हा त्यांच्या धोरणानुसार स्पॅमचा प्रकार आहे. एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलानंतर अशा दुव्यांमुळे अनेक साइट खाली घसरल्या, आणि २०१६ पासून असे दुवे बहुतेक वेळा नुसते मोजणीतून वगळले जातात. म्हणजे नशीब चांगले असेल तर पैसे वाया जातात, आणि वाईट असेल तर पैशांबरोबर साइटही जाते. मालकांनी पॅकेज नाकारले.

मला खटकले ते त्यांचे पहिले वाक्य. एकही गिऱ्हाईक येत नाही, हे त्यांना कशावरून समजले होते?

आकडा शून्य होता, माणसे नव्हती

चौकशी केल्यावर कळले की मालकांनी मधूनच एकदा साइटच्या भेटींचा आलेख उघडून पाहिला होता आणि त्यात सपाट रेघ दिसली होती. ती रेघ खरीच सपाट होती, पण तिचे कारण वेगळे होते. साइटच्या पानांत भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीचा, म्हणजे युनिव्हर्सल ॲनालिटिक्सचा, कोड होता. ती आवृत्ती १ जुलै २०२३ पासून नव्या भेटींची नोंद करत नाही. साइट बनवणाऱ्याने काम सोडून बराच काळ लोटला होता आणि कोड बदलणारे मागे कोणी उरले नव्हते. मीटर बंद पडला होता आणि घरात वीजच येत नाही असा समज करून घेतला गेला होता.

होस्टिंगच्या नियंत्रणपटलातून सर्व्हरच्या नोंदी काढल्या. यंत्रमानवांच्या, म्हणजे शोधयंत्रांच्या आणि इतर स्वयंचलित प्रोग्रामांच्या, भेटी वगळल्यावरही तिथे माणसांच्या भेटी उरत होत्या. फार नव्हत्या, पण होत्या. त्यांतल्या काही ओळी मी दोनदा वाचल्या, कारण त्या संपर्काच्या पानावरचा फॉर्म भरून पाठवल्याच्या होत्या. कोणीतरी नाव लिहिले होते, प्रश्न लिहिला होता आणि बटण दाबले होते. मालकांच्या मेलपेटीत मात्र त्या तारखांना काहीही आलेले नव्हते.

मी माझ्या मोबाइलवरून तो फॉर्म भरला. पडद्यावर ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ असे हिरव्या अक्षरांत उमटले. मेल आला नाही. स्पॅमच्या कप्प्यातही आला नाही. दुसऱ्या पत्त्यावरून पुन्हा भरला, तरी तेच.

दोष सापडायला अर्धा दिवस लागला. फॉर्म भरणाऱ्याने स्वतःचा जो ईमेल पत्ता दिला असेल, तोच पत्ता ‘पाठवणारा’ म्हणून लावून हा फॉर्म मालकांना मेल पाठवत होता. जुन्या काळी हे चालून जायचे. आता मेल स्वीकारणारा सर्व्हर आधी विचारतो की हा मेल ज्या डोमेनच्या नावाने आला आहे, त्या डोमेनने या सर्व्हरला आपल्या वतीने मेल पाठवण्याची परवानगी दिली आहे काय. ही तपासणी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन व्यवस्थांतून होते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठीचे नियम अधिक कडक केले आहेत. दुसऱ्याच्या पत्त्याने आलेले पत्र या तपासणीत उतरत नाही आणि ते परत पाठवले जाते किंवा गिळले जाते. फॉर्मला याची खबर नसते. आपल्या बाजूने मेल रवाना झाला एवढेच पाहून तो धन्यवाद म्हणतो.

दुरुस्ती अशी केली : मेल साइटच्या स्वतःच्या डोमेनवरून, रीतसर ओळख पटवून जाईल, भरणाऱ्याचा पत्ता ‘उत्तर यांना द्या’ या जागी जाईल, आणि मेल पोहोचो वा न पोहोचो, प्रत्येक चौकशीची एक प्रत साइटच्या डेटाबेसमध्ये राहील. शेवटची तरतूद मी आता कोणत्याही फॉर्मला लावतोच. जुन्या चौकश्या मात्र कुठेच साठवलेल्या नव्हत्या. किती जणांनी लिहिले आणि उत्तर न आल्याने दुसरीकडे गेले, हे आता कळणार नाही. मालक हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की हजार दुव्यांचे पॅकेज घेतले असते तर काय झाले असते. आणखी लोकांनी तो फॉर्म भरला असता, असे मी सांगितले.

त्याच आठवड्यात आणखी दोन किरकोळ कामे उरकली. साइट अजून एचटीटीपीवरच, म्हणजे माहिती कूटबद्ध न करता पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीवर, चालत होती, त्यामुळे क्रोममध्ये पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दिसत होता. जुलै २०१८ पासून तो अशा प्रत्येक साइटवर दिसतो. तो घालवण्यासाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत सुरक्षा-प्रमाणपत्र बसवले. त्याची मुदत तेव्हा ९० दिवसांची होती, म्हणून नूतनीकरण आपोआप होते की नाही याची खात्री करून घेतली. मीटरही बदलला : नव्या ॲनालिटिक्सबरोबर सर्च कन्सोल हे गूगलचे साइटमालकांसाठीचे साधन जोडले. लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत येतात हे त्यातूनच दिसते. मात्र त्यात मागचे फक्त १६ महिने राहतात, त्यामुळे आकडे अधूनमधून उतरवून ठेवावे लागतात.

वहीतले शब्द आणि साइटवरचे शब्द

आता साइटच्या मजकुराकडे येतो, कारण या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला. सातही पानांचे शीर्षक एकच होते, व्यवसायाचे नाव आणि पुढे ‘मुख्यपान’. मुख्यपानावर गुणवत्तापूर्ण सेवा, समाधानी ग्राहक, अनुभवी तंत्रज्ञ आणि सर्व गरजांसाठी एकच विश्वासार्ह ठिकाण, असा मजकूर होता. त्यातून शिलाई यंत्र हा शब्द काढून तिथे दातांचा दवाखाना किंवा ट्रकची वाहतूक घातली असती, तरी एकही वाक्य बदलावे लागले नसते. पानाच्या कोडमध्ये साठेक कळशब्दांची (लोक शोधताना टाकतील अशा शब्दांची) रांग दडवलेली होती. क्रम ठरवताना गूगल ती विचारात घेत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे.

फोनशेजारी एक वही होती. सहकारी बाई आलेल्या प्रत्येक फोनची एक ओळ तिच्यात लिहीत : तारीख, नंबर, काय विचारले. त्यांनी ती हिशेबासाठी ठेवली होती, शोधयंत्रांचा विचार त्यांच्या मनातही नव्हता. मी एक दुपारभर ती वही वाचत बसलो. ‘खाली दोऱ्याचा गुंता होतो.’ ‘टाका सुटतो.’ ‘सुई सारखी मोडते.’ ‘मशीन जड चालते.’ ‘नवीन बॉबिन आणली, बसत नाही.’ ‘शटल मिळेल का’, आणि त्यापुढे मॉडेलचा क्रमांक. एवढ्या पानांत ‘गुणवत्तापूर्ण’ हा शब्द कोणी उच्चारलेला नव्हता. मी स्वतः या लेखाच्या पहिल्या ओळीत ‘शिलाई यंत्र’ लिहिले आहे. फोनवर सगळे ‘मशीन’ म्हणतात, आणि शोधाच्या चौकटीत टाइप करतानाही तेच लिहितात, हे पुढे सर्च कन्सोलमध्ये दिसले.

कळशब्द सुचवणारी साधने मी वापरतो आणि इथेही वापरली. मोठ्या बाजाराचा अंदाज त्यांतून येतो. पण इतक्या छोट्या व्यवसायाला लागणारे शोध इतके विखुरलेले आणि इतके बारीक असतात की ते त्या साधनांत बहुधा दिसतच नाहीत. ते वहीत होते.

वहीत सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार होती खाली होणाऱ्या दोऱ्याच्या गुंत्याची. तिच्यावर पहिले पान लिहायचे ठरले. थोरल्या कारागिरांना मी मशीनसमोर बसवले आणि फोनवर सांगता तसेच सांगा, असे म्हटले. त्यांनी सांगितले ते मला नवे होते. गुंता कापडाच्या खालच्या बाजूला दिसतो, म्हणून लोक बॉबिन काढतात, पुसतात, बदलतात, तिच्या खोक्याचा स्क्रू पिळतात. दोष मात्र बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, त्यामुळे त्याला ताण मिळत नाही आणि तो सैल होऊन खाली ओढला जातो. आणि तो बसलेला नसतो, कारण दोरा ओवताना कापड दाबणारा फूट खाली टेकवलेला असतो. फूट खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये न जाता कडेवरूनच पुढे जातो. फूट वर उचला, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून पुन्हा ओवा. तेवढ्याने गेले नाही तर सुई बदला. तरीही राहिले तर शटलच्या, म्हणजे खालून वरचा दोरा पकडणाऱ्या भागाच्या, टोकाला खरचटलेले असू शकते किंवा सुई आणि शटल यांचा मेळ चुकलेला असू शकतो, आणि तेव्हा मशीन घेऊन या.

पान याच क्रमाने लिहिले आणि कारागिरांची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली. चकत्यांमध्ये दोरा बसलेला आणि न बसलेला, असे दोन फोटो शेजारीशेजारी ठेवले. शीर्षक दिले : ‘मशीनमध्ये खाली दोऱ्याचा गुंता होतो : कारण आणि उपाय’.

मालकांचा आक्षेप लगेच आला, आणि तो गैर नव्हता. उपाय फुकट सांगून टाकला तर दुरुस्तीला कोण येईल, असे त्यांनी विचारले. वही पुन्हा उघडली. हा उपाय फोनवर रोज फुकटच सांगितला जात होता, आणि सांगण्यात सहकारी बाईंची किंवा कारागिरांची पाच-पाच मिनिटे जात होती. दोरा पुन्हा ओवून ज्याचे काम होते, तो माणूस तेवढ्यासाठी मशीन उचलून आणणार नाही. आणणारच असेल तर ते काम करून पैसे घेताना आपल्यालाच संकोच वाटेल. पुढे घडले ते असे : या तक्रारीचे फोन खरोखरच कमी झाले, आणि जे आले त्यांतले बरेच जण सांगू लागले की पानावर लिहिले तसे करून पाहिले, तरी गुंता होतोच. म्हणजे निम्मे निदान झालेले मशीन कारागिरांपुढे येऊ लागले.

सुट्या भागांचे पान ही वेगळी कथा होती. किमतींची छापील यादी स्कॅन करून पीडीएफच्या रूपात टांगलेली होती. मोबाइलवर ती वाचायची तर बोटांनी ताणून इकडून तिकडे सरकवावी लागे. तिच्या जागी बॉबिन, शटल, सुया, बेल्ट आणि फूट अशी वेगवेगळी पाने केली. या टप्प्यावर एक मोह होतो आणि तो इथेही झाला : प्रत्येक मॉडेलसाठी एक पान काढायचे, मजकूर तोच ठेवायचा, नुसता क्रमांक बदलायचा. दोन तासांत दोनशे पाने होतात. वाचणाऱ्याला त्यांतून काही मिळत नाही, आणि शोधयंत्रांच्या धोरणांत अशा पानांना थारा नाही. आम्ही एकेका भागाचे एकच पान ठेवले आणि तो भाग कोणकोणत्या मॉडेलला चालतो याचा साधा तक्ता त्यात दिला. स्कॅनमध्ये जे क्रमांक चित्र म्हणून अडकले होते, ते आता मजकूर झाले.

बॉबिनचे पान त्यांत सर्वांत उपयोगी ठरले. परत येणाऱ्या पार्सलांमध्ये बॉबिनच जास्त असत, कारण वरून पाहिल्यावर सारख्या दिसणाऱ्या दोन बॉबिनांची उंची वेगळी असते आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. धाकट्या कारागिरांनी पट्टीशेजारी बॉबिन आडवी आणि उभी ठेवून फोटो काढले, आणि मागवण्याआधी व्यास व उंची दोन्ही मोजा, असे पानाच्या अगदी वर लिहिले. शोधयंत्रासाठी या पानावर आम्ही वेगळे काहीच केले नाही. परतीची पार्सले कमी झाली, ही बाब मालकांना कोणत्याही आलेखापेक्षा जास्त पटली.

वेगाविषयी थोडे

मुख्यपानावर पाच मोठे फोटो आपोआप सरकत होते. ते कॅमेऱ्यातून निघाले तसेच, चार हजार पिक्सेल रुंदीचे, चढवलेले होते. गूगलने वेगासाठी तीन मापे ठरवली आहेत : पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा, आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उड्या मारण्याचे माप ०.१ च्या पुढे जाऊ नये. यांतले प्रतिसादाचे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या मापाच्या जागी आले. ही मापे खऱ्या भेटींवरून काढली जातात, पण लहान साइटला तेवढ्या भेटी नसल्यामुळे सर्च कन्सोलमध्ये तो रकाना रिकामाच राहतो. म्हणून पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनाची प्रयोगशाळेतली चाचणी घेतली, आणि एका जुन्या, स्वस्त मोबाइलवर साइट उघडून घड्याळ लावले. दुसरी चाचणी मला जास्त भरवशाची वाटते.

सरकते फोटो काढून टाकण्यावरून मालकांशी थोडी घासाघीस झाली. शेवटी एकच फोटो ठेवायचे ठरले. तो लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्रप्रकारात घातला, प्रत्येक चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिली, खालची चित्रे गरज पडेल तेव्हाच उतरतील असे केले आणि सर्वांत वरच्या चित्राला मात्र ही सवलत लावली नाही. लावली असती तर मुख्य भागच उशिरा दिसला असता. गुण शंभरपैकी शंभर झाले नाहीत आणि त्यासाठी मी प्रयत्नही केला नाही. वेगवान पण पोकळ पान शोधात वर येत नाही, हे ग्राहकाला सांगण्याचे धैर्य आमच्या धंद्यात फार थोडे दाखवतात.

माझ्याकडून झालेली चूक

नवी पाने मी साइटच्या चाचणीप्रतीवर तयार केली होती. चाचणीची प्रत शोधात येऊ नये म्हणून वर्डप्रेसमधली (ज्या प्रणालीवर साइट बांधली होती तिच्यातली) शोधयंत्रांना दूर ठेवणारी खूण लावून ठेवली होती, आणि ते बरोबरच होते. सगळे तयार झाल्यावर प्रत मूळ जागी हलवली. खूण तशीच राहिली. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये ‘नोइंडेक्स’, म्हणजे हे पान शोधाच्या यादीत घेऊ नका, ही सूचना घेऊन साइट नऊ दिवस उभी होती, आणि गूगल त्या सूचनेप्रमाणे एकेक पान आपल्या यादीतून काढत होते.

लक्षात आले ते सर्च कन्सोलमुळे. शोधाच्या निकालांत दिसण्याचे आकडे उतरू लागले तेव्हा पहिले दोन दिवस मी ते नव्या रचनेमुळे होत असेल असे समजून सोडून दिले. तिसऱ्या दिवशी वगळलेल्या पानांचा अहवाल उघडला तेव्हा कारण नावानिशी समोर होते. खूण काढली, महत्त्वाच्या पानांसाठी पुन्हा नोंद घेण्याची विनंती केली आणि मालकांना त्याच दिवशी फोन करून काय झाले ते सांगितले. पाने परतायला काही आठवडे लागले. नवी साइट सुरू करतानाच्या माझ्या तपासयादीत ही बाब आधीपासूनच होती. त्या दिवशी मी यादी उघडली नव्हती.

जुन्या पत्त्यांची काळजी मात्र घेतली गेली होती. प्रत्येक जुन्या पानाला त्याच्या जवळच्या नव्या पानाकडे कायमचे वळण, म्हणजे ३०१, दिले होते. पीडीएफलाही दिले, आणि ते बरे झाले. शिवण शिकवणाऱ्या दोन वर्गांच्या साइटवरून त्या कुरूप पीडीएफकडे दुवे होते, हे नंतर दिसले. कोणी पैसे न घेता दिलेले, खरे दुवे. वळण नसते तर ते दोन्ही मेले असते. अशी वळणे किमान एक वर्ष ठेवावीत असे गूगल सांगते. मी ती काढतच नाही.

मग प्रचार

प्रचाराला सुरुवात झाली ती या सगळ्यानंतर, सुमारे दोन महिन्यांनी.

गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद आधीच होती. ती कोणी केली हे माहीत नव्हते, फोन नंबर जुना होता आणि प्रकार नुसता ‘दुकान’ असा होता. नोंद ताब्यात घेतली, नंबर, वेळा आणि प्रकार बदलले, कामाच्या टेबलाचे खरे फोटो घातले. अशा शोधांत क्रम ठरवताना जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहिल्या जातात असे गूगल सांगते. अंतरावर आपला काही इलाज नसतो. नावापुढे ‘मशीन दुरुस्ती, सुटे भाग, सर्वोत्तम’ अशी शेपटी जोडावी असे मालकांच्या मनात होते. पाटीवर जे नाव आहे तेच नोंदीत हवे, असा नियम असल्याने ते सोडले.

अभिप्रायांसाठी दुरुस्त केलेल्या मशीनबरोबर एक छोटे कार्ड जाऊ लागले. त्याच्या बदल्यात सूट किंवा भेट द्यायची नाही, आणि फक्त खूश गिऱ्हाइकांनाच कार्ड द्यायचे असेही करायचे नाही, हे ठरवून घेतले. दोन्ही गोष्टी धोरणाविरुद्ध आहेत. पहिल्याच महिन्यात पार्सल उशिरा पोहोचल्याबद्दल एक कडवट अभिप्राय आला. सहकारी बाईंनी लिहिलेले पहिले उत्तर तीन परिच्छेदांचे होते आणि त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते. शेवटी गेले ते दोन ओळींचे : उशीर झाला हे मान्य, आणि आता पार्सल कुठे अडले आहे ते आम्ही पाहतो, हा नंबर.

दुव्यांसाठी आम्ही फक्त त्यांना लिहिले ज्यांना या पानांचा उपयोग होता. शिवणवर्गांना बॉबिन मोजण्याचे आणि दोरा ओवण्याचे पान पाठवले, विद्यार्थ्यांना वाटता येईल अशी छापण्याजोगी प्रतही दिली. ज्यांच्याकडून भाग येतात त्या पुरवठादारांना त्यांच्या विक्रेत्यांच्या यादीत साइटचा पत्ता घालण्याची विनंती केली. काहींनी घातला, काहींनी उत्तर दिले नाही. हाताशी आलेले दुवे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि ते त्या हजार दुव्यांपेक्षा जास्त मोलाचे होते असे माझे मत आहे.

पैसे देऊन जाहिरात तीन आठवडे, लहान रकमेची करून पाहिली. पहिल्या आठवड्यातले शोधशब्द पाहिले तेव्हा कळले की ‘मशीन दुरुस्ती’ या शब्दांवर दुरुस्ती शिकू पाहणारे आणि कारागिराची नोकरी शोधणारे बरेच जण टिचकी मारत होते. ‘कोर्स’, ‘नोकरी’, ‘शिका’ हे शब्द वगळण्याच्या यादीत टाकले. जागेच्या निवडीत आपोआप लावलेल्या पर्यायात, त्या भागात राहणाऱ्यांबरोबर त्या भागाविषयी नुसते कुतूहल असणारेही धरले जातात, तो बदलला. त्यानंतरही दुरुस्तीची जाहिरात परवडली नाही आणि थांबवली. सुट्या भागांची मात्र चालू ठेवली, कारण मॉडेलचा क्रमांक टाकून शटल शोधणारा माणूस विकत घ्यायलाच आलेला असतो. त्या जाहिराती मुख्यपानावर नेत नाहीत, थेट त्या भागाच्या पानावर नेतात.

यश कसे मोजायचे, यावर आमचे लवकर एकमत झाले : फॉर्मच्या चौकश्या, मोबाइलवरून नंबरावर दाबून लावलेले फोन, आणि वहीत ‘कुठून कळले’ असा नवा रकाना. टक्केवारीत वाढ सांगायचे मी टाळले, आणि इथेही सांगत नाही. दोनाचे सहा झाले की तिप्पट म्हणता येते, पण ते सहाच असतात. शोधातल्या बदलांचा परिणाम दिसायला चार महिने ते एक वर्ष लागते असे गूगलच्याच माणसांनी सांगितले आहे, आणि इथे पाचव्या महिन्यात चित्र स्थिरावले. सर्वांत जास्त वाचले जाते ते दोऱ्याच्या गुंत्याचे पान, आणि सर्वांत जास्त विक्री होते ती बॉबिनच्या पानावरून. तेल घालण्याविषयी मोठ्या कष्टाने लिहिलेले पान जवळपास कोणीच उघडत नाही. कारखान्यांची मोठी मशीन दुरुस्तीला येतात ती अजूनही ओळखीतूनच, आणि साइटचा त्यात काही वाटा नाही.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सहकारी बाई वहीतल्या ज्या प्रश्नांना अजून पान नाही ते वाचून दाखवतात आणि कारागीर त्यांतला एक निवडतात. गेल्या वेळी निवडला गेलेला प्रश्न होता, पायाने चालवायच्या जुन्या मशीनचा चामडी पट्टा चाकावरून सारखा निसटतो हा. उत्तर सोपे आहे : पट्टा ताणून सैल झालेला असतो, तो थोडा कापून पुन्हा तारेने जोडायचा. मजकूर लिहून तयार आहे, पण फोटोसाठी तसे मशीन दुरुस्तीला यायची वाट पाहणे चालू आहे.